घोड्याच्या पायाची पट्टी वारंवार का सरकते, पाय का सुजतो आणि घरी ती सुरक्षित कशी बांधावी

संध्याकाळी नीट बांधलेली पट्टी सकाळी खुरावर बांगडीसारखी येऊन पडलेली असते. ती आणखी आवळून बांधावी तर तिसऱ्या दिवशी पट्टीच्या वर पाय सुजतो. आणि वैतागून मोकळी सोडावी तर पावसाळ्यातल्या माशा जखमेवर तुटून पडतात. घोडा बाळगणाऱ्या आमच्याकडच्या बहुतेक घरांना हे रहाटगाडगे ठाऊक आहे. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात राहत असल्यामुळे इथल्या माळेगावच्या, जनावरांचा बाजार भरणाऱ्या यात्रेच्या निमित्ताने घोडेवाल्यांची ऊठबस आमच्या अंगणात नेहमीची, आणि प्रश्नही नेहमीचाच असतो, की औषध चांगले असूनही जखम भरत का नाही. माझा अनुभव असा आहे की दहापैकी बऱ्याच वेळा दोष औषधात नसतो, तो पट्टीखाली कापूस किती घातला आणि ती किती तासांनी उघडली यात असतो.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. श्रावणात आमची कुमेत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या पायांची घोडी बांधावर गवतात पडलेल्या काटेरी तारेत अडकली आणि डाव्या पुढच्या पायाच्या नळीवर, गुडघ्याच्या चार बोटे खाली, आडवी फाटली. डॉक्टरांनी जखम धुऊन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि पट्टी बांधून दिली. ती पट्टी दोन दिवस जागची हलली नाही. तिसऱ्या दिवसापासून बांधण्याचे काम माझ्याकडे आले आणि तिथून बिघडायला सुरुवात झाली. मी जखमेपुरता कापूस ठेवून त्यावर थेट क्रेप बँडेज गुंडाळत होतो. ते उतरले की दुसऱ्या दिवशी जास्त ओढून बांधत होतो. चौथ्या वेळी पट्टी सोडली तेव्हा क्रेपची वीण कातडीवर जशीच्या तशी उमटलेली होती, वरच्या कडेखालचे केस ओल्या गवतासारखे चपटे झाले होते आणि नुसता अंगठा फिरवला तर ते मुळासकट हातात येत होते. जखम पुढे भरली, पण त्या कडेच्या जागी पांढरे केस उगवले; घोडीच्या काळ्या नळीवर बोटभर रुंदीचे ते पांढरे कडे आजही दिसते आणि पाहणारा प्रत्येक जण ते जन्माचे आहे असे समजून कौतुक करतो. दाब बसून कातडीतल्या रंगाच्या पेशी मेल्या की असे पांढरे केस येतात. घोडीला नाल ठोकायला आलेल्या म्हाताऱ्या नालबंदाने ते पाहिले आणि एवढेच म्हणाले, “मालक, फडकं आवळल्यानं थांबत नसतंय, खाली गादी पाहिजे.” या एका वाक्यात बहुतेक सगळे आले आहे, तरी कारणे समजली की हात नीट चालतो, म्हणून ती आधी मांडतो.

माणसाच्या पोटरीला मांस असते, घोड्याच्या गुडघ्याखाली ते जवळजवळ नसते. तिथे नळीचे हाड, त्याच्या मागे खुरापर्यंत उतरणाऱ्या कंडरा, ज्यांना आपण बोलताना शिरा म्हणतो, आणि वरून पातळ कातडी, एवढाच ऐवज असतो. त्यामुळे पट्टीचा दाब झेलायला मध्ये काहीच नसते. एखादा वेढा इतरांपेक्षा जास्त आवळला गेला, किंवा कापसाला एक सुरकुती पडली, की तेवढ्याच जागी कंडरेवर दोरीसारखा काच बसतो. अशा काचाने कंडरा सुजून पायाच्या मागे धनुष्यासारखा बाक दिसू लागतो, आणि मूळ जखम भरली तरी घोडा महिनोन्महिने कामाबाहेर जातो. कापसाचा जाड थर हा दाब चहूकडे सारखा वाटून देतो. क्रेपचे काम कापूस जागेवर धरण्याचे आहे, पाय आवळण्याचे नाही. ही गोष्ट मनात पक्की झाली की निम्म्या चुका आपोआप टळतात.

बांधण्यापूर्वी

पट्टी बांधताना माणसाला लाथ बसण्याचे प्रसंग जखमेपेक्षा मोठे ठरतात. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोऱ्या, घातलेल्या घोड्याच्या पायाशी बसून पट्टी कधीही बांधू नये. दचकलेला घोडा पिछाडीत अडकला की तो स्वतःही पडतो आणि बांधणाऱ्यालाही घेऊन पडतो. पिछाडी सोडावी, म्होरकीची दोरी जाणत्या माणसाच्या हातात द्यावी आणि बांधणारा ज्या बाजूला आहे त्याच बाजूला त्या माणसाने उभे राहावे, म्हणजे गरज पडल्यास तो घोड्याचे तोंड आपल्याकडे ओढून मागचा भाग दूर फिरवू शकतो. बांधणाऱ्याने मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसू नये. उकिडवे बसावे, पायाच्या बाजूला असावे, समोर किंवा थेट मागे नसावे. हात एकदम जखमेवर न नेता खांद्यापासून किंवा पुठ्ठ्यापासून खाली सरकवत आणावा. घोडा फारच पाय उचलत असेल तर दुसऱ्या माणसाने पुढचा दुसरा पाय उचलून धरला की घोड्याला जखमेचा पाय जमिनीवर ठेवणे भाग पडते. हा सगळा खटाटोप पाच मिनिटांचा आहे आणि तो टाळल्याने कोणाचे तरी हाड मोडल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील.

बांधावी की नाही, हे ठरवणे त्याहून महत्त्वाचे आहे. जखम सांध्याजवळ असेल आणि तिच्यातून पिवळसर, बोटांमध्ये तार धरणारा बुळबुळीत द्रव येत असेल, तर ते सांध्यातले वंगण असण्याची शक्यता असते. अशा वेळी स्वच्छ कापड गुंडाळून काही तासांच्या आत डॉक्टरकडे पोहोचणे एवढेच घरी करण्यासारखे असते. खुराच्या तळव्यात खिळा गेला असेल आणि तो तळव्याच्या मधल्या भागात किंवा तिथल्या रबरासारख्या त्रिकोणी उंचवट्यात असेल, तर तो उपटण्याची घाई करू नये, कारण आत कंडरा आणि सांधा आहे आणि खिळा जागेवर असताना काढलेल्या एक्स-रेवरून तो कुठवर गेला हे डॉक्टरांना कळते. घोड्याने पाय टेकल्यावर तो आणखी आत जाणार असेल तर मात्र काढावा, पण आधी मोबाइलवर फोटो घ्यावा आणि भोकावर पेनाने खूण करून ठेवावी, कारण काढल्यानंतर ते भोक मिटते आणि शोधूनही सापडत नाही. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रेची सोय नसल्यास डॉक्टर पुढे कुठे पाठवायचे ते सांगतात. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा नि:शुल्क क्रमांक आहे.

मागच्या पायाच्या आतल्या बाजूने ओळीने गाठी उठत असतील, त्या फुटून चिकट पू येत असेल आणि नाकातूनही स्राव असेल, तर ती तारेची किंवा दोरीची जखम समजून पट्टी बांधत बसू नये. तो ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग असू शकतो, तो माणसालाही होतो आणि कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे. हातमोजे घालून घोडा वेगळा बांधावा आणि डॉक्टरांना बोलवावे.

रक्त जोरात वाहत असेल तर स्वच्छ जाड कापडाची घडी दाबून दहा-पंधरा मिनिटे न उचलता धरावी. घडी भिजली तर तिच्यावर दुसरी ठेवावी, खालची काढू नये, कारण जमलेली गुठळी तिच्याबरोबर निघते. पायाला वर दोरी आवळून रक्त थांबवण्याची आपल्याकडची पद्धत सोडून द्यावी.

सरकणारी पट्टी : दोष बहुधा खालच्या मजल्यात असतो

नळीच्या मध्यावर जखम असली तरी पट्टी फक्त मध्यावर बांधली तर ती उतरणारच, कारण तिला खालून टेकू नसतो. खुराच्या वरचा गोल सांधा, ज्याला सोयीसाठी घोटा म्हणू, तो आत घेऊन पट्टी खुराच्या केसाळ कडेपर्यंत न्यावी आणि वर गुडघ्याच्या खालपर्यंत आणावी. मग खालच्या भागाला खुराचा आधार मिळतो आणि त्यावर वरचा भाग उभा राहतो. जखम गुडघ्यावर किंवा मागच्या पायाच्या मोठ्या सांध्यावर असेल तर आधी खालच्या नळीवर ही पूर्ण पट्टी बांधावी आणि तिच्यावर टेकवून दुसरी वर बांधावी. पाया नसताना वरचा मजला चढवला तर तो कोसळतो, हे घर बांधणाऱ्याला सांगावे लागत नाही.

जखम धुण्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ पुरते आणि ते 20 मिलीच्या सिरिंजने जोर देऊन मारले की माती निघते. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे असेल तर बाटलीतले थेट ओतू नये. पाण्यात फिक्या चहाचा रंग येईल इतकेच पातळ करावे, कारण घट्ट द्रावण नव्या पेशींनाही जाळते. फिनेल, टर्पेंटाइन, चुना, चुलीतली राख, गाडीचे वंगण, तेलात कालवलेली हळद यांपैकी काहीही पट्टीखाली जाऊ देऊ नये. हळदीबद्दल अनेक जण रागावतात, पण बंद पट्टीच्या आत तेल आणि पूड यांचा जो चिखल होतो तो धुताना जखमेचे जे हाल होतात, ते मी पाहिले आहेत.

जखमेवर न चिकटणारे ड्रेसिंग ठेवावे; औषधांच्या दुकानात पॅराफिन गॉज या नावाने मिळते ते चालते. त्यावर कापूस येतो, आणि इथेच हात आखडतो. 500 ग्रॅमचा कापसाचा गुंडाळा आणावा, तो उलगडून पायाभोवती सारख्या जाडीने गुंडाळावा, आणि बांधून झाल्यावरही तो सगळीकडे किमान एक इंच जाड राहील इतका घ्यावा. जखमेवर जाड आणि मागे पातळ असे झाले तर सगळा दाब मागच्या कंडरांवर जातो. कापसाला सुरकुती पडली तर तो थर पुन्हा उलगडून घालावा. बाहेरून थापटून सुरकुती जात नाही, ती आत तशीच राहते.

त्यावर 10 किंवा 15 सेंटिमीटर रुंदीचे क्रेप बँडेज घ्यावे. सुरुवात जखमेवर करू नये. नळीच्या मध्यावर, आतल्या बाजूने करावी आणि पुढून बाहेरच्या बाजूला, तिथून मागे, असे वेढे द्यावेत. वरून पाहिले असता डाव्या पायाला वेढे घड्याळाच्या उलट आणि उजव्याला घड्याळाप्रमाणे जातात. कापूस ज्या दिशेने गुंडाळला त्याच दिशेने क्रेप गुंडाळावे, नाहीतर प्रत्येक वेढा खालचा कापूस उलगडत जातो आणि बाहेरून घट्ट दिसणारी पट्टी आतून सैल असते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याची निम्मी रुंदी झाकील असा घ्यावा. ओढ द्यायची ती नळीच्या पुढे, हाडावरून जाताना द्यावी. मागे कंडरांवरून जाताना क्रेप फक्त सोबत फिरवावे. आधी खाली उतरावे, घोट्याखालून फिरवून पुन्हा वर यावे आणि गुडघ्याच्या खाली संपवावे. वर आणि खाली दोन्हीकडे कापसाची बोटभर कड क्रेपच्या बाहेर दिसली पाहिजे. क्रेपची कड थेट कातडीवर आली की माझ्या घोडीच्या पायावरचे कडे पुन्हा उमटते.

शेवट पिनेने किंवा गाठीने मागच्या बाजूला करू नये. चिकटपट्टीचा तुकडा पायाच्या बाहेरच्या बाजूला लावावा आणि तो पायाभोवती पूर्ण गोल फिरवू नये, कारण चिकटपट्टी ताणत नाही आणि पाय थोडा सुजला तरी ती सुतळीसारखी रुतते. स्वतःलाच चिकटणारी जी रंगीत लवचीक पट्टी हल्ली मिळते, ती चांगली आहे, पण तिचा गुंडाळा आवळून भरलेला असतो आणि सरळ गुंडाळ्यातून सोडत बांधली तर कितीतरी जास्त ताण बसतो. आधी थोडी उलगडून घ्यावी, मग निम्म्या ताणाने बांधावी. तिच्यावरच्या बारीक सुरकुत्या पूर्ण नाहीशा झाल्या असतील तर ती जास्त ओढली गेली आहे असे समजावे.

झाल्यावर वरच्या आणि खालच्या कडेतून एक बोट थोड्या कष्टाने पण न अडता सरकले पाहिजे. नंतर घोड्याला दहा-वीस पावले चालवावे. पहिल्या चार पावलांत तो पाय विचित्र उंच उचलतो, ते नवल नाही. वीस पावलांनंतरही तो लंगडत असेल किंवा पाय आपटत असेल, तर पट्टी सोडून पुन्हा बांधण्यात कमीपणा मानू नये. मी एका संध्याकाळी तीन वेळा सोडून बांधली आहे.

गुडघ्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा असतो आणि मागच्या पायाच्या मोठ्या सांध्याला टाचेसारखे टोक असते. या दोन्ही जागा पट्टीखाली सडतात. तिथे आठच्या आकड्यासारखे वेढे घेऊन ते टोक उघडे ठेवावे.

पाय सुजतो

सूज पट्टीच्या वर असेल तर पट्टी काचते आहे, ती लगेच सोडावी. सूज पट्टीच्या खाली, खुराच्या कडेजवळ असेल तर पट्टी घोट्याच्या वरच संपली आहे आणि रक्त खाली अडकते आहे. ती खुरापर्यंत न्यावी. चारही पाय थोडे भरल्यासारखे वाटत असतील आणि चालवल्यावर उतरत असतील तर तो उभे राहून आलेला भार असतो, जखमेचा दोष नाही. आणि जखमेचा पाय ठीक असून जोडीचा दुसरा पाय सुजत असेल, तर घोडा सगळे वजन त्यावर टाकतो आहे. म्हणूनच एका पायाला पट्टी असेल तेव्हा जोडीच्या पायालाही तितक्याच जाड कापसाची आधाराची पट्टी बांधावी, आणि तीही दर 12 तासांनी सोडून, पाय चोळून, पुन्हा बांधावी. हे बहुतेक घरांत होत नाही, कारण ज्या पायाला काही झालेच नाही त्याला कापूस खर्च करणे कोणाला पटत नाही.

पुढचे दोन्ही खूर गरम लागत असतील, घोडा पुढचे पाय समोर ताणून वजन मागे टाकून उभा राहत असेल, आणि आदल्या दिवशी त्याने ज्वारीच्या पोत्यात तोंड घातले असेल, तर हा पट्टीचा विषय नाही; धान्य जास्त खाल्ल्याने खुरांच्या आत येणारी ती सूज असू शकते. खुरांना बर्फाच्या पाण्यात उभे करावे, धान्य बंद करावे आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे. उशीर झाला तर मग वरातीमागून घोडे.

खुराची पट्टी : दोन दिवसांत झिजते, ओली होते

उन्हाळ्यात आपल्याकडे खूर वाळून त्यांना चिरा पडतात, आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर काळ्या मातीच्या रेंद्यात तेच खूर मऊ होतात. त्या चिरांतून बारीक खडा वर शिरतो आणि आत पू धरतो. काल ठीक असलेला घोडा आज पाय टेकायला तयार नसतो, खूर दुसऱ्यापेक्षा गरम लागतो आणि घोट्याच्या बाजूला बोट ठेवले तर नाडी ठोक्यासारखी लागते. पाय मोडला की काय असे वाटण्याइतके लंगडणे असते. पूला वाट करून देणे हे डॉक्टरांचे किंवा जाणत्या नालबंदाचे काम आहे. घरच्या कोयत्याने तळवा खणू नये. नंतरची पट्टी मात्र घरी बांधता येते.

खूर कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून पंधरा-वीस मिनिटे बुडवावा आणि पूर्ण पुसून घ्यावा. मग लहान बाळाचा डायपर तळव्याला लावून कडा खुरावर दुमडाव्यात; हसू येते, पण ओलावा धरून ठेवण्यात आणि गादी म्हणून त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही मला मिळाले नाही. त्यावर चिकटणारी लवचीक पट्टी आठच्या आकड्यात फिरवावी. तळव्याकरिता रुंद, मजबूत चांदीसारख्या चिकटपट्टीचे आठ-दहा तुकडे फळीवर आडवे आणि त्यावर तितकेच उभे चिकटवून चौकोनी तुकडा आधीच तयार ठेवावा. घोडा पाय उचलून उभा असताना पट्टी कातरत बसायला वेळ नसतो. तो चौकोन तळव्यावर ठेवून कोपरे खुराच्या भिंतीवर चढवावेत आणि भिंतीभोवतीच दोन वेढे द्यावेत. ही चिकटपट्टी खुराच्या केसाळ कडेच्या वर जाऊ नये. वर गेलीच तर खाली कापूस असावा, आणि टाचेच्या दोन मऊ गोळ्यांवर तर जरूर असावा, कारण खुराच्या पट्टीचा पहिला काच तिथेच बसतो.

पट्टी नेहमी पुढच्या टोकाला फाटते, कारण घोडा पाय उचलताना टोकावर वळतो. म्हणून शेवटचे दोन तुकडे टोकावर जास्त लावावेत. ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा तळव्याखाली बाहेरून लावला तर ती आणखी टिकते. पण पूर्ण खूर ट्यूबमध्ये घालून वर सुतळीने बांधण्याचा जो प्रकार चालतो, त्यात खूर घामाने पांढरा पडतो आणि सुतळी कातडी कापते. खताचे पोते पाण्याच्या हौदापर्यंत नेण्यापुरते घालावे आणि परत आल्यावर काढावे. खुराची पूची पट्टी 12 ते 24 तासांनी बदलावी. पू थांबल्यावर बुडवणे बंद करून कोरडी पट्टी ठेवावी. आठ-आठ दिवस खूर भिजवत राहिल्यास तो मऊ होऊन नवे दुखणे सुरू होते.

वास, कुरतडणे आणि वाढलेले मांस

ताज्या जखमेची पट्टी पहिले काही दिवस रोज उघडावी, स्राव कमी झाल्यावर दोन-तीन दिवसांनी. ओली झाली, वास आला किंवा सरकली तर वेळापत्रक न पाहता लगेच उघडावी. पावसाळ्यात गोठ्याची एक कोरडी, मुरूम टाकलेली जागा घोड्यासाठी राखली नाही तर कितीही महागडी पट्टी असो, ती रात्रभर मुतात आणि चिखलात भिजते.

घोडा पट्टी कुरतडत असेल तर तिला तिखट फासण्याआधी ती उघडून पाहावी. मला तरी प्रत्येक वेळी आत काच, ओल किंवा खाज असे काही ना काही सापडले. तिखट तर लावूच नये, घामाबरोबर ते जखमेत उतरते.

अळ्या पडल्या असतील तर त्यांच्यावर पट्टी बांधून टाकू नये. चिमट्याने काढाव्यात, जखम धुवावी, आणि खोल असल्यास डॉक्टरांकडून इंजेक्शन घ्यावे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात सीताफळाचा पाला कुटून जखमेत भरतात. अळ्या मरतात हे खरे असले तरी त्या जखमेतच मरतात, काढाव्या लागतातच. सीताफळाच्या बियांची पूड तर कदापि वापरू नये, ती घोड्याच्या किंवा आपल्या डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते.

गुडघ्याखालची जखम भरताना मांस कातडीच्या पातळीच्या वर येऊन फुलकोबीसारखे गुलाबी, दाणेदार दिसू लागले तर कातडी त्याच्यावरून पुढे सरकत नाही आणि जखम महिनोन्महिने तशीच राहते. या मांसाला वेदना नसते, पण रक्त मात्र भरपूर येते. त्याला मोरचूद लावून जाळण्याची पद्धत जुनी आहे; मोरचूद मांसाबरोबर कडेची नवी कातडीही जाळतो, म्हणून दोन पावले पुढे आणि तीन मागे असे होते. डॉक्टर ते मांस कातडीच्या पातळीला कापून, नीट दाबाची पट्टी देतात आणि हालचाल कमी ठेवायला सांगतात. जखम सांध्यावर असून घोडा मोकळा फिरत असेल तर मांस वाढणारच.

वेदनेसाठी घरातली माणसांची डायक्लोफिनॅकची सुई घोड्याला देण्याचा मोह टाळावा. ती दिलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मेली, म्हणून जनावरांसाठी तिच्यावर 2006 पासून बंदी आहे. कोणते वेदनाशामक आणि किती, हे डॉक्टरांनी घोड्याचे वजन पाहून ठरवावे, आणि वेदना गेली म्हणून पट्टी उघडून पाहण्याचे थांबवू नये.

धनुर्वाताची लस हा विषय खरे तर सर्वांत वर यायला हवा होता. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो, आणि त्याचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत कायम असतात; खुरातले एवढेसे भोक त्यांना पुरते. सुरुवातीला महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक, असा क्रम असतो. जखम झाली त्या दिवशी आधीच्या डोसची तारीख डॉक्टरांना सांगता यावी म्हणून आमच्याकडे ती गोठ्याच्या दारामागे खडूने लिहिलेली असते. पावसाने पुसली तर पुन्हा लिहिण्याचे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे आहे, आणि घोडीच्या पायाला पट्टी असेल तेव्हा तो तिच्या कडेतही रोज बोट घालून तपासतो.